स्कॅनरनं मला कैलासवासी केलं

माझं निधन द्वारका चौकाजवळच्या एका छापखान्यात झालं. त्या वेळी मी बाहेर टपरीवर चहा पीत उभा होतो.

खरे गेले होते ते बाबा. अचानक गेले. घर सुन्न होतं आणि आईनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, "दहाव्याचं कार्ड नीट छापून आण. यांच्या नावात चूक नको." बाबा शाळेत मराठी शिकवायचे. लग्नपत्रिका आली की आधी तांबड्या पेन्सिलीनं तपासायचे, मग लग्नाला जायचं की नाही ते ठरवायचे. त्यामुळे आईचं म्हणणं रास्तच होतं. चुकलं ते काम माझ्यावर सोपवण्यात.

छापखान्यातला ऑपरेटर गावी गेला होता. मालक म्हणाले, "मजकूर टाइप करून फ्लॉपीवर आणा, लगेच छापून देतो." मला मराठी टायपिंग म्हणजे एकेक अक्षर हुडकणं. पण माझ्याकडे स्कॅनर होता! (हे वाक्य मी त्या काळात भेटेल त्याला ऐकवत असे.) सोबत एक सीडीही आणली होती. छापील मराठी कागद दाखवला की कॉम्प्युटर तो वाचून आपणच टाइप करणार, असा तिचा दावा. बाबांनी ती सीडी उलटसुलट करून विचारलं होतं, "याला ख आणि रव यांतला फरक कळतो का?"

"बाबा, तुम्ही बघाच," मी म्हणालो होतो. ते बघायचं राहून गेलं.

मधुकाकांच्या दहाव्याचं जुनं कार्ड कपाटात होतं. ते स्कॅन करायचं आणि फक्त नावं बदलायची. काकांच्या जागी बाबा, काकूच्या जागी आई आणि शोकाकुलांमध्ये बाबांच्या जागी मी. (माणसं नुसती एकेक जागा पुढे सरकत होती. हे मनात आलं आणि फार वाईट वाटलं, पण हातात काम होतं.)

या सॉफ्टवेअरची एक शिकवणी असते. अक्षर अडलं की ते चौकटीत दाखवून विचारतं, हे काय आहे? आपण एकदा सांगायचं, पुढं ते तसंच लिहीत जातं. आमचं पहिलं अडलं ते 'कै.'पाशी. मी टाइप करायला बोटं टेकवली आणि दारात कुरिअरवाला उभा.

"श्री. वसंतराव आहेत का? त्यांचीच सही लागेल."

माझी नजर त्याच्याकडे गेली आणि बोटांनी त्याचाच शब्द चौकटीत घातला, 'श्री.'

"नाहीत," मी म्हणालो.

"कधी येतील?"

"येणार नाहीत."

"मग उद्या येऊ का?"

तोवर पुढची चौकट आली होती. तिच्यात 'श्री.' होतं. मी डोळे पुसले, मघाशी राहून गेलेलं 'कै.' न बघता तिच्यात टाकलं आणि एंटर मारलं. कॉम्प्युटरचं समाधान झालं. कुरिअरवाल्याचं झालं नाही, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला.

मजकूर तयार झाला. पहिल्याच ओळीत 'दुःरवद निधन'! बाबांचंच खरं ठरलं होतं. मग मी हट्टाला पेटून एकूण एक 'रव' शोधला आणि त्याचा 'ख' केला. त्या नादात बाकी कार्ड वाचायचं राहिलं. नावं तर मी कॉम्प्युटरलाच बदलायला सांगितली होती, त्यामुळे तिकडं बघायचा प्रश्नच नव्हता.

कार्डं छापून आली. घोटीकडची जीपवाल्याकडे दिली. दुपारी फोन वाजला. पलीकडे घोटीचे भास्करकाका, बाबांचे जुने मित्र.

"कोण बोलतंय?"

"मी सुहास."

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला.

"कोण बोलतंय म्हणालात?"

"सुहास, काका. वसंतरावांचा मुलगा."

"अरे, कार्डात तुझ्यामागं कै. लावलंय. तुझ्या दोन्ही भावांमागं, मामामागं, सगळ्यांमागं कै. आणि वसंता तेवढा श्री. नक्की गेलंय कोण तुमच्याकडं?"

"बाबा गेले."

"आणि तू?"

"मी आहे."

"नक्की ना?" काकांचा आवाज रडवेला होता. हसावं की रडावं ते मलाही कळेना.

मी धावत बाहेरच्या खोलीत आलो. कळवणचे आबामामा, आईचे थोरले भाऊ, आपल्याकडची कार्डं पिशवीत भरून निघायच्या बेतात होते. वाटेत वाचायला म्हणून त्यांनी एक बाहेर ठेवलं होतं आणि चष्मा चढवून ते त्याच्याकडेच बघत होते.

"भाचा," ते शांतपणे म्हणाले, "मी जित्ता शे ना रे?"

आईनं त्यांच्या हातातलं कार्ड घेतलं. तिच्या नावामागं श्रीमतीचं 'कैमती' झालं होतं. दशक्रिया 'कैक्षेत्र रामकुंड' इथं होती. मला वाटलं, आता आई रडेल, आणि तिनं मागितलेली एकुलती एक गोष्ट मी घालवली म्हणून मलाच रडू यायला लागलं.

तिनं आत जाऊन बाबांची तांबडी पेन्सिल आणली. आम्ही सगळे सतरंजीवर बसलो आणि एकेक कार्ड दुरुस्त करू लागलो. मामांनी स्वतःला प्रत्येक कार्डावर जातीनं जिवंत केलं. शेवटच्या कार्डावर मी बाबांच्या नावामागचं 'श्री.' खोडायला गेलो तेव्हा आईनं माझा हात धरला.

"एवढं एक राहू दे. माझ्याजवळ ठेवीन."

मी मान डोलावली. त्याच कार्डावर खाली माझ्या नावामागचं 'कै.' तसंच होतं. निदान तेवढं तरी सुधारावं म्हणून मी पेन्सिल टेकवली.

"तेही राहू दे," आई पदरानं डोळे पुसत म्हणाली. "तुझ्या अकलेपुरतं बरोबर आहे."