निष्काळजीपणाची सही

खंडेनवमीला माझी पत्नी घरातल्या प्रत्येक यंत्राला हळदकुंकू लावते. वॉशिंग मशीनच्या रंगावर डाग पडू नये, म्हणून ती बोट नेमके बाजूच्या पांढऱ्या स्टिकरवर टेकवी आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून घेई. चार वर्षांत त्या स्टिकरवरचा मशीनचा नंबर पुसला गेला. मशीन बंद पडले तेव्हा ते आम्हाला कळले.

वॉरंटी पाच वर्षांची होती. निदान इंदूरच्या कृष्णपुऱ्यातल्या दुकानदाराने तसे सांगितले होते. मी आयुष्यभर कारकुनी केली, एका चुकीच्या तारखेवरून लोकांचे अर्ज परत पाठवले. पण तो कागद न वाचताच घडी घालून ठेवला होता. आता वाचला. पहिली दोन वर्षे मशीन बनवणाऱ्या कंपनीची. पुढची तीन, ज्यांचे जादा पैसे घेतले होते, ती तिसऱ्याच एका कंपनीची. आणि तिचे कलम असे, की मशीनवरचा नंबर वाचता आला नाही तर दावा रद्द. बिलावर तोच नंबर छापलेला होता. दुकानदार म्हणाला, वाढीव वॉरंटीशी आपला संबंध नाही. त्या वॉरंटी कंपनीची बाई फोनवर म्हणाली, बिलाने खरेदी सिद्ध होते. मशीन तेच आहे, हे सिद्ध होत नाही. नकार लेखी द्या, असे मी तीनदा सांगितले. कोणी दिला नाही.

मनगट मोडल्यापासून पत्नीला कपडे पिळता येत नाहीत. मी पिळत होतो. त्याचे तिला वाईट वाटे, आणि नंबर आपल्या हातून गेला याचे अधिक.

आठवड्याने त्याच कंपनीचा मेकॅनिक एक कागद घेऊन आला. बिल पत्नीच्या नावावर, म्हणून सही तिची हवी होती. मजकूर असा : ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नंबर नष्ट झाला असून कंपनी केवळ सद्भावनेने दुरुस्ती करीत आहे. नकार लिहायला ज्यांना आठवडाभर कागद सापडला नाही, त्यांनी हा मात्र छापून आणला होता.

"माताजी, बस एक साइन. फॉर्मेलिटी है," तो म्हणाला.

"पुसला तर मीच ना," असे म्हणत पत्नीने पेन उचलले.

"ठेव ते," मी म्हणालो. "मशीनला डाग पडू नये म्हणून जपणारी बाई निष्काळजी नसते."

मेकॅनिक हसला. "काकाजी, फ्री में हो रिया है, और आप कानून निकाल रिये हो."

मी कागद त्याच्या हातात दिला आणि दार उघडून धरले.

जुन्या इंदुरातला ओळखीचा कारागीर बोलावून, पदरचे पैसे घालून मोटर बदलली. पत्नी दोन दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलली. पैसे वाया घालवले, असे तिचे मत आहे. असू दे. तिच्या नावापुढे तो शब्द कोणत्याही फायलीत लागलेला नाही.