आक्कांच्या आईचं कुंकू

शिवाजी पेठेतल्या त्या आक्का आजही डोळ्यांसमोरून हलत नाहीत. तसबीर काखेत मारून त्या पोलीस ठाण्यात आल्या, माझ्या टेबलावर ती ठेवली आणि म्हणाल्या, "सायेब, ही माझी आई न्हाय!"

आईचा घरात तेवढा एकच फोटो. आई सवाष्ण गेली म्हणून आक्का काच बसवण्याआधी कैक वर्षं थेट फोटोवरच कपाळाला कुंकू लावत. राधानगरीचा धाकटा भाऊ काच बदलून आणतो म्हणून फोटो घेऊन गेला. फोटो परत आल्यापासून आक्कांची झोप उडाली होती. घरचे म्हणत, म्हातारीला भ्रम झालाय. ठाणे अंमलदारालाही तसंच वाटलं. मलाही चेहरा ठीक दिसत होता, कुंकूही जागेवर होतं. "जागेवर हाय, पर त्याला उठाव न्हाय," आक्का म्हणाल्या. पण भ्रमातलं माणूस इतकं मुद्द्याला धरून भांडत नाही. मी अर्ज ठेवून घेतला.

प्रयोगशाळेत पाठवण्याइतकं ते प्रकरण नव्हतं. हातात धरायचा स्वस्तातला मायक्रोस्कोप घ्यायला गेलो. दुकानदार हजारपट दाखवणाराच पुढे करत होता. धरून पाहिला, तर हात जरा हलला की चित्र पळायचं. फोटो तपासायला साठपट पुष्कळ झालं. बूड सपाट हवं, म्हणजे तो कागदावर टेकून राहतो, आणि आत दिवा हवा. तसाच घेतला.

काच काढून तो फोटोवर टेकवला. जुन्या खऱ्या फोटोत करड्या छटा सलग दिसतात. इथे सगळे रंगीत ठिपके. कुंकूसुद्धा ठिपक्यांचंच! ही छापलेली प्रत होती.

भावाला बोलावून घेतलं. प्रश्न न विचारता मायक्रोस्कोप पुढे सरकवला. "बघा पावणं." त्याने पाहिलं आणि तो साठीचा गडी ढसाढसा रडू लागला.

"आई गेली तवा मी पाळण्यात हुतो, सायेब. आक्काला तोंड आठवतंय तरी. माझ्याकडं काय हाय?"

दुसऱ्या दिवशी त्याने मूळ फोटो आणून दिला. आक्कांना विचारलं, गुन्हा दाखल करू?

"करा की, लई शाणा झालाय," म्हणत आक्कांनी फोटो पदराने पुसला आणि भावाच्याच हातात दिला. "मागितला असतास तर दिला नसता व्हय रं? ने. मला आई पाठ हाय."

तेव्हापासून कुठल्याही चोरीत मी 'काय नेलं'च्या आधी 'कशापायी नेलं' हे विचारत आलो. त्या वेळी मात्र आक्कांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. पिशवीतून कुंकवाची डबी काढून त्यांनी प्रतीवरच्या त्या छापील ठिपक्यांवर कुंकवाचं बोट टेकवलं.

"आता ही बी आईच," त्या म्हणाल्या आणि प्रत काखेत मारून घरी गेल्या.