बॉयलरच्या काचेवरचं कुंकू

मुलांनो, माझी बदली नाशिकजवळच्या लष्करी रुग्णालयात झाली तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. नर्सिंग ऑफिसर, हुद्दा लेफ्टनंट. ऑपरेशन थिएटर माझ्याकडे होतं. अवजारं निर्जंतुक करायला वाफ लागे, म्हणून रोज सकाळी साडेसहाला मी बॉयलर रूममध्ये जाऊन प्रेशर विचारत असे.

तिथले प्रमुख हवालदार रामभाऊ गांगुर्डे, चांदवडकडचे. त्यांचा जीव गेज ग्लासमध्ये. बॉयलरवर उभी बसवलेली ही काचेची नळी आत पाणी किती आहे ते दाखवते. ते पाणी दाबाखाली उकळत असतं. नळी फुटली तर माणूस भाजू नये म्हणून तिच्यासमोर जाड काचेचं गार्ड असे.

"सिस्टरसाब, नवी सून हाय ती. समोर उभं राहून बघायचं नाय, बाजूनं बघायचं," असं ते मला रोज बजावत.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रांबरोबर यंत्रांचीही पूजा होई. त्या दिवशी दहा वाजता एका जवानाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं, त्यामुळे बॉयलर चालूच होता. पूजेला सगळं लखलखीत दिसावं म्हणून गांगुर्डेंनी पितळ पुसताना गार्ड काढलं आणि हार आणायला ते व्हरांड्यात गेले. कुंकवाचं तबक माझ्या हातात होतं. पंपाला बोट लावलं, व्हॉल्व्हला लावलं. नऊ वाजून दहा मिनिटांनी मी ओल्या कुंकवाचं गार बोट त्या तापलेल्या काचेवर टेकवलं.

टक् असा आवाज झाला. काचेवर बारीक रेघ उमटली.

"बाजूला!"

हार टाकून गांगुर्डे धावले आणि त्यांनी मला ढकललं. त्याच क्षणी काच फुटली. त्या वाफेत हात घालून त्यांनी नळीचा खालचा कॉक, म्हणजे तोटी, बंद केला, मग वरचा. मग ते खाली बसले.

"पिल्लई, आग कमी कर. दुसऱ्या गेजवर पाणी बघ." नाईक पिल्लई त्यांचे मदतनीस. मग मला म्हणाले, "लागलं का?"

"नाही."

"मग बरं हाय."

त्यांचे हात, चेहरा, मान, छाती भाजली होती. मी त्यांच्या वॉर्डात ड्यूटी मागून घेतली. ते वाचतील असं मी रोज स्वतःला सांगत होते.

तिसऱ्या दिवशी नवी काच बसवायची होती. पिल्लईंनी ती एकट्याने कधी बसवली नव्हती. डोळ्यांवर पट्टी असलेले गांगुर्डे म्हणाले, "सिस्टरसाब, लिहून घ्या."

मी लिहिलं. बॉयलर थंड, प्रेशर शून्य. वरची आणि खालची बैठक एका रेषेत. काच धातूला टेकता कामा नये. तापली की वाढते, तिला जागा हवी. रबराचे वायसर नवे. नट हाताने आवळायचा, पान्याने अगदी थोडा. गळलं तर दाब असताना हात लावायचा नाही. वाफ हळूहळू सोडायची.

"आन् गार्ड..." ते थांबले. "गार्ड आधी लावायचं. मंग वाफ."

"आणि गरम काचेला ओलं बोट लावायचं नाही," मी म्हणाले.

"ते लिहू नका. कागद साहेब लोक वाचत्यात."

मी लिहिलं. चौकशीतही तेच सांगितलं. त्यांनी जबाब दिला, "गार्ड म्या काढलं. पोरीचा काय दोष?"

पिल्लईंची काच पहिल्याच प्रयत्नात नीट बसली, थेंबभरही गळली नाही. हे ऐकून गांगुर्डे हसले. हसताना त्यांना दुखलं. नवव्या दिवशी सकाळी सव्वासात वाजता ते गेले. जखमांमध्ये जंतुसंसर्ग झाला होता.

त्यांच्या पत्नी सखूबाईंना मी म्हटलं, "कुंकू मी लावलं होतं."

त्यांनी माझा हात धरला. "ठावं हाय. ते बोलले मला. म्हणे, पोर आईबापापासनं लांब हाय, जेवली का इचारत जा तिला." आणि खरंच विचारलं, "जेवल्या का?"

हवालदार रामभाऊ गांगुर्डे, वय एकेचाळीस. मुलांनो, ते माझ्या चुकीमुळे गेले आणि मला वाचवताना गेले. तुमच्या मुलांना त्यांच्याबद्दल सांगाल तेव्हा दोन्ही सांगा.