तिसऱ्या रविवारची जिलबी

आधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर कोणी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही. वडील गिरणीत साच्यावर कापड विणतात, माय विड्या वळते. कॉलेजात गेलेला घरातला पहिला मी, आणि तेवढ्यावरून आपलं काही लोकांनी वाचावं असं वाटून घेणं जरा जास्तच होतं. शिवाय सांगण्यासारखं माझ्याकडे एक डोकेदुखी आहे, तीही अर्ध्याच डोक्याची. पण तिच्यापायी माझ्या हातून एक गोष्ट घडली. ती मी कोणाला सांगितलेली नाही. लिहिता लिहिता सांगून होईल, असं वाटतं.

मॅट्रिकच्या वर्षी डोकं सुरू झालं. आधी डाव्या डोळ्यापुढे वाकडीतिकडी चमकती रेघ यायची, पाण्यावर ऊन हलावं तशी. वहीतली अर्धी ओळ दिसायची, अर्धी नाही. थोड्या वेळाने रेघ विझायची आणि तिच्या जागी ठणका सुरू व्हायचा. उजेड नको, आवाज नको, वास तर नकोच. आणि आमचं घर म्हणजे जरीपटक्याच्या अलीकडच्या वस्तीतल्या दोन खोल्या, वर पत्रा, आणि दोन्ही खोल्यांत तंबाखूचा वास. मी ओकलो की माय विड्यांचं सूप उचलून बाहेर उन्हात जाऊन बसायची आणि तिथूनच विचारायची, "उतरलं का गा?"

उपाय तिने सगळे केले. सुंठ उगाळून कपाळावर लेप, नाकात तुपाचे दोन थेंब, आणि दुपट्टा असा करकचून बांधायचा की सोडल्यावर कपाळावर वळ दिसायचे. दुपट्ट्याने बरं वाटायचं, अजूनही वाटतं. सरकारी दवाखान्यातून पांढऱ्या गोळ्या आणल्या. त्यांनी झोप यायची, पण झोपेतही डोकं ठणकत असे.

मायचा सगळ्यात मोठा उपाय जिलबीचा होता. तीन रविवार ओळीने करायचा. शनिवारी संध्याकाळी जिलबी दुधात भिजत घालायची. रविवारी सूर्य निघायच्या आधी उगवतीकडे तोंड करून ती खायची. उठल्यापासून वाटी रिकामी होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, आणि आपल्याला कोणी टोकायचं नाही. कोणी हाक मारली, काही विचारलं आणि आपण बोललो, की उपाय गेला.

वडिलांना हे आवडायचं नाही. दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव, गंडे, उतारे सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने बाहेर काढलं होतं.

"मंग हे काहून ठेवलं?" ते मायला म्हणाले.

"यात देव कोठी आहे? दूध आहे, जिलबी आहे."

"मंग बोलाचं काहून नाही?"

"तोंडात वारं शिरते."

वडील हसले. पण त्या रविवारी ते पेपर तोंडासमोर धरून बसले आणि मी वाटी खाली ठेवेपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. मी तीन रविवार केले, पुढच्या वर्षी पुन्हा तीन केले. जिलबी छान लागायची. डोकं होतं तसंच राहिलं.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना प्रॅक्टिकलमध्ये सडक्या अंड्याच्या वासाचा तो गॅस काढायचा होता. मी पाच मिनिटांत बाहेर पळालो. नळाखाली आधीच एक जण डोकं धरून वाकला होता. आमच्याच वर्गातला, धरमपेठेतून सायकलने येणारा. तोवर आम्ही कधी बोललो नव्हतो.

"तुलाही मायग्रेन आहे?" त्याने खालूनच विचारलं.

"काय आहे?"

"हेच. अर्धं डोकं. आधी चमकतं ना डोळ्यापुढे?" तो उभा राहिला. "मायग्रेन म्हणतात याला. माझा मामा डॉक्टर आहे."

मला पहिला हेवा वाटला तो त्या शब्दाचा. त्याच्या दुखण्याला नाव होतं, चिठ्ठी होती, मामा होता. माझं नुसतं डोकं धरत होतं.

मग आमची दोस्ती झाली. एकदा वर्गात त्याचं डोकं सुरू झालं, तेव्हा त्याच्याच सायकलवर त्याला मागे बसवून मी धरमपेठेत घेऊन गेलो. त्याच्या आईने दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. गोळी दिली. पडदा ओढला. खसच्या ताटीवर पाणी मारलं. मोरीतल्या बाईला भांडी नंतर घास म्हणून सांगितलं. मग त्याच्या खोलीचं दार तिने हळूच लावून घेतलं, कडीचासुद्धा आवाज झाला नाही. मला व्हरांड्यात बसवून सरबत दिलं, कुठे राहतो ते विचारलं. मी सांगितलं. "हो का," ती म्हणाली आणि माझा पेला पुन्हा भरला.

तासाभरात तो भांग पाडून बाहेर आला आणि म्हणाला, "कॅरम खेळायचा?"

मी त्या दिवशी जरीपटक्यापर्यंत पायी आलो. वाटभर मला ते दार दिसत होतं. दार आमच्याकडेही होतं, पण ते लावलं तर माय कुठे बसणार?

त्याने मला गोळ्या दिल्या, मी न मागता. कागदाच्या पुडीत चार. म्हणाला, "रेघ दिसली की लगेच घ्यायची. दुखायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. आणि आठवड्यात दोनच्या वर नाही, मामाने बजावलंय." पुढच्या वेळी रेघ दिसताच मी गोळी घेतली आणि दुखण्याची वाट पाहत पडून राहिलो. ते आलं, पण दाराशी येऊन परत गेल्यासारखं. मी उठून भाकर खाल्ली. माय सूप घेऊन बाहेर निघालीच होती, ती उंबऱ्यावरच थांबली.

"उतरलं?"

"चढलंच नाही."

मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण त्याच्याखाली राग होता. चार वर्षं मी ओकत होतो आणि हे इतकं सोपं होतं. ज्याने सोपं केलं, त्याचाच राग येत होता. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

शेवटच्या वर्षी त्याचं डोकं वाढलं. गोळ्याही वाढल्या, आणि त्याच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. बोटं गार पडायची. मामाने गोळ्या एकदम बंद केल्या. परीक्षा दोन महिन्यांवर होती. तीन तासांचे पेपर, एप्रिलचं ऊन. आपण बसू शकू की नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"तू आधी काय करायचास?" त्याने मला विचारलं.

मी जिलबीचं सांगितलं. हसत सांगितलं, तोही हसेल म्हणून. तो हसला नाही.

"मावशी मला देतील?"

मायला मी घरी येऊन विचारलं. तिने आधी विचारलं, "त्याच्या घरी चालते का, आपल्या इथलं?" मी म्हटलं, तो येतो म्हणाला.  शनिवारी ती स्वतः जरीपटक्यातल्या सिंधी हलवायाकडे गेली आणि समोर उभी राहून कडक जिलबी तळून घेतली. माझ्या वेळी मी जाऊन असेल ती आणत असे. अंगणात सडा टाकला. आणि विड्यांचं सूप, पानं, तंबाखू सगळं कापडात बांधून शेजारणीकडे नेऊन ठेवलं. माझ्यासाठी सूप मी ओकल्यावर बाहेर जायचं. त्याच्यासाठी ते तो यायच्या आधीच घराबाहेर होतं.

तो अंधारात सायकल दामटत आला. एक शब्द न बोलता मायला हात जोडले आणि उगवतीकडे तोंड करून बाजेवर बसला. माय दारात उभी राहून गल्ली राखत होती. शेजारीण भांडं घेऊन आली, तर मायने बोट ओठांवर ठेवलं. वाटी रिकामी झाल्यावर शेजारीण म्हणाली, "कोणाचं पोरगं वं हे? लय गुणी आहे."

"कॉलेजातलं आहे," माय म्हणाली.

मीही कॉलेजातलाच होतो.

त्या आठवड्यात त्याचं डोकं दुखलं नाही. दुसरा रविवार झाला, आणखी एक आठवडा न दुखता गेला. तो मायला म्हणाला, "मावशी, तुमच्या हाताला गुण आहे." मायने ते सगळ्या वस्तीला सांगितलं. ती वर्षानुवर्षं माझं डोकं बांधत आली होती, आणि गुण म्हणून तिच्या पदरात काही पडलं ते या परक्या पोरामुळे. वडीलसुद्धा म्हणाले, "त्याच्या बोटाइले गरमी आली म्हणते. पाहा बुवा."

त्याच हातचे मी सहा रविवार खाल्ले होते. मला ते का लागले नाहीत? गोळी त्याच्या घरची होती, ती मला मिळाली. तेवढ्यात माझं समाधान व्हायला हरकत नव्हती. पण घरी एकच वस्तू माझी होती, मायचं लक्ष, आणि तेही तो सायकलवर येऊन घेऊन जातो, असं मला वाटू लागलं.

तिसऱ्या रविवारी मी आधीच उठून अंगणात बसलो होतो. तो आला, बसला. माय दारात होती. आभाळ पांढरं होत होतं. वाटीत अर्धी जिलबी उरली असेल, तेव्हा मी त्याच्या पाठीमागे गेलो आणि म्हणालो, "काय गा, पहिला पेपर कोणत्या तारखेला आहे?"

तारीख मला माहीत होती. मीच त्याला ती उतरवून दिली होती.

तो सभ्य घरातला. विचारलं की उत्तर द्यायची त्याला सवय. तो वळला आणि त्याने तारीख सांगितली. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो मायकडे पाहू लागला.

"काही होत नाही बाबू," माय म्हणाली. "खाऊन घे तू."

तो गेल्यावर ती माझ्याकडे आली. "तुले मालूम नव्हतं?"

"विसरलो."

तिने सूप शेजारणीकडून परत आणलं, बसली, एक पान कापलं. "तुह्या वक्ती मी गल्लीतल्या कोंबड्यालेबी वरडू देल्लं नव्हतं," ती म्हणाली. 

मी विज्ञानाचा विद्यार्थी होतो, आणि ज्या घरातून गंडे बाहेर फेकले होते त्या घरातला होतो. एका प्रश्नाने कोणाचा उपाय मोडत नाही, हे मला कोणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं. पण टोकताना तो मोडावा म्हणूनच टोकलं होतं, हे मला ठाऊक होतं.

पहिला पेपर दोघांनीही दिला. दुसऱ्या दिवशी पंख्याखाली माझी जागा नव्हती, खिडकीतून उन्हाची तिरीप बाकावर येत होती, आणि प्रश्नपत्रिका वाचतानाच मला रेघ दिसली. खिशात त्याने वेळोवेळी दिलेल्या पुड्यांतली शेवटची गोळी होती. ती घेतली. डोळे मिटून थोडा थांबलो. मग लिहू लागलो. तासाभराने मान वर केली तर तो दोन रांगा पुढे दोन्ही हातांनी डोकं धरून बसला होता. मी लिहीत राहिलो. पुन्हा पाहिलं तेव्हा तो वही देऊन बाहेर जात होता. बाकीच्या पेपरांना तो आलाच नाही.

मी पास झालो. वस्तीत पेढे वाटले. तो जबलपूरला मामाकडे गेल्याचं कळलं. पत्ता मिळाला असता, मी मागितला नाही. मायने दोनतीनदा विचारलं, "त्या पोराचं डोकं कसं आहे?" मी म्हणायचो, मालूम नाही. पेपर अर्धा टाकून जाणारी त्याची पाठ मला पुष्कळ दिवस दिसत राहिली. त्याचं वर्ष मी खाल्लं, असं मी धरून चाललो होतो.

आता मी बी.एड. करतो. दवाखान्यातल्या एका नव्या डॉक्टरांनी मलाही चिठ्ठी लिहून दिली आहे. रेघ दिसली की गोळी, वर मायचा दुपट्टा, आणि परीक्षेच्या दिवसांत तिने सूप आधीच शेजारणीकडे ठेवायला सुरुवात केली आहे. महिन्यातून एकदा डोकं येतं, कधी गोळीने वळतं, कधी नाही. एवढ्यात माझं चालतं.

गेल्या महिन्यात असाच दुपट्टा बांधून पडलो होतो, तेव्हा जबलपूरहून आंतरदेशीय पत्र आलं. अक्षर त्याचं. उजेड सोसत नव्हता, तरी दारात जाऊन वाचलं. तो तिथेच पुन्हा परीक्षेला बसला आणि पास झाला, हे पहिल्या ओळीत होतं. त्यापुढे लिहिलं होतं: "त्या दिवशी पेपर सोडून उठलो, तेव्हा तू काय समजला असशील कोण जाणे. पाचांतले दोनच प्रश्न येत होते. डोक्यामुळे अभ्यास राहिला होता, पण त्या दिवशी डोकं ठीक होतं. खरं सांगायचं तर तिसऱ्या रविवारपासून ते आजवर एकदाही दुखलेलं नाही. आता धाकट्या बहिणीला सुरू झालंय, आणि तिला गोळ्या सोसत नाहीत. आई म्हणते, मावशींना नीट विचारून घे. जिलबी किती, दूध किती, आणि खाताना मध्येच कोणी बोललं तर चालतं का. मी तिला सांगितलंय, चालतं. माझ्याशी तू बोलला होतास."