आमच्या गाडीचं नवं स्टिअरिंग

लग्न होऊन मी मद्रासला आले तेव्हा मला मोटार चालवता येत होती. बेळगावात वडिलांनी हौसेनं शिकवली होती, लायसन्सही काढून दिलं होतं. टी. नगरमधल्या आमच्या घरापुढे एक जुनी विलायती गाडी उभी असायची, पण तिला हात लावायची मला बंदी. "ही गाडी फक्त माझंच ऐकते," असं आमचे हे सांगत.

ते अगदीच खोटं नव्हतं. स्टिअरिंगचं चाक चांगलं वीतभर फिरवलं तरी पुढची चाकं ढिम्म हलत नसत. त्यामुळे सरळ रस्त्यावरसुद्धा हे चाक सारखं डावी-उजवीकडे करत राहायचे, ताक घुसळल्यासारखं. "स्टिअरिंग नीट झालं की तुलाच देतो," हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. मला भयंकर राग यायचा. शिकलेली गोष्ट हातातून निसटून जाईल, ही धास्तीही वाटायची.

शेवटी मी पिच्छाच पुरवला. पुदुपेटच्या भंगार बाजारात आमच्या गाडीसारख्याच एका मोडीत निघालेल्या गाडीचा धडधाकट स्टिअरिंग बॉक्स मिळाला. स्टिअरिंगच्या दांड्याच्या बुडाशी हा लोखंडी डबा असतो. आतल्या दात्यांमुळे गाडीची चाकं वळतात. आमच्या डब्यातले दाते पार झिजले होते. मेकॅनिकला बोलवायचं तर यांचा इंजिनिअरी ताठा आडवा आला. मग एका रविवारी हे गाडीखाली शिरले, आणि कुणीतरी चाक फिरवायला हवं म्हणून मी ड्रायव्हरच्या सीटवर.

"उजवीकडे. हळू! आता डावीकडे. अगं, एवढं कशाला?" खालून हुकूम सुटत होते. नवा डबा बसवून हे स्क्रू आवळत गेले तसतसा चाकातला ढिलेपणा जात गेला. दुपार कलेपर्यंत बोटभर फिरवलं तरी गाडीची चाकं वळायला लागली. यांच्या सदऱ्याचं पोतेरं झालं होतं, पण मला मनापासून कौतुक वाटलं. मी सीटवरून हललेच नाही.

"ऊठ. आधी मी बघतो," हे म्हणाले. काय करणार? उठले.

सासूबाईंना मागे बसवून आम्ही समुद्रावर निघालो. स्टिअरिंग बदललं होतं, यांचे हात मात्र तेच. सवयीनं चाक डावी-उजवीकडे हलवत राहिले आणि आता गाडी प्रत्येक वेळी इमानानं वळत राहिली. सासूबाई या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत घरंगळत होत्या.

"अरे, सरळ ने की!"

"सरळच नेतोय, आई!"

एक सायकलवाला घाबरून फुटपाथवर चढला आणि पाठोपाठ पोलिसाची शिट्टी वाजली. तेव्हा मद्रासेत दारूबंदी कडक होती. "कुडिच्चिरुक्कींगळा, सार?" प्यायलात का, असं विचारून त्यानं यांच्या तोंडाशी नाक नेलं. वास आला तो फिल्टर कॉफीचा.

"माझा मुलगा सुपारीसुद्धा खात नाही!" सासूबाईंनी त्याला मराठीत ठणकावलं.

पोलिसाला मराठी येत नव्हती, पण आईचा सूर कळला असावा. प्यायलेला नाही, म्हणजे चालवताच येत नाही, असा निकाल त्यानं लावला आणि दुसऱ्या कुणाला येतं का म्हणून विचारलं. हे तोंड उघडणार इतक्यात मी म्हणाले, "एनक्कु तेरियुम." मला येतं.

त्यानं लायसन्स मागितलं. मी पर्समधून काढून दिलं.

हे माझ्याकडे बघतच राहिले. "तू हे बरोबर घेऊन फिरतेस?"

"रोज."

दार उघडून हे माझ्या जागेवर येऊन बसले. मी गाडी सुरू केली. माझ्या हातांना जुन्या चाकाची सवयच नव्हती, त्यामुळे गाडी नाकासमोर चालली. वळून घराकडे निघालो तेव्हा यांचे हात मांडीवरच डावी-उजवीकडे होत होते, मला हसू आवरेना. आमचा रस्ता आला, फाटक दिसलं.

"अगं, घर आलं," हे म्हणाले.

"दिसलं मला," मी म्हटलं, आणि थांबले नाही.