हारलेल्यांच्या गल्लीचं पाणी

रिठदला आमच्याकडं नळाचं पाणी सोडणारा माणूस शेजारच्या गावाहून येतो, खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. ग्रामपंचायतीचा निकाल लागला, की दुसऱ्या सकाळी हारलेल्या पॅनलच्या गल्लीला तो आधी पाणी सोडतो. आमचं पॅनल जिंकलं तेव्हा मी तावातावानं गेलो. "आमची गल्ली मांगं काहून?"

चावी फिरवता फिरवता तो म्हणाला, "तुमच्यापाशी आता सरपंच हाय, भाऊ. त्यायच्यापाशी निस्ता मी."

राग आला होता. पुढच्या निवडणुकीत आम्ही हारलो. सकाळी तोंड पाडून ओट्यावर बसलो होतो, तर गावात सगळ्यात आधी आमचाच नळ वाजला.

आता गावात पाहुणा आला, की मी छाती काढून आधी हा माणूस दाखवतो. सरपंच मग.