आई शांत नव्हती

आईच्या तेरवीला वर्ध्यात दादाने मांडव घातला होता. जेवणाच्या आधी श्रद्धांजलीची भाषणं झाली. त्याच्या ऑफिसातले एक साहेब म्हणाले, अशी शांत बाई आम्ही पाहिली नाही. मग दादा उठला. आईने आयुष्यात कधी आवाज चढवला नाही, कधी उलटून बोलली नाही, नातवंडांसाठी झिजली, असं तो बोलत गेला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी चपला घातल्या, कोणालाही न सांगता ऑटो केला आणि पुलगावची गाडी पकडून घरी आले. तिथे बसले असते तर माझ्या तोंडून काय निघालं असतं ते माझं मलाच माहीत.

माझी आई शांत नव्हती. आमच्या गावी, हिंगणीत घरापासून वावर चांगलं लांब, पण ती शेताच्या धुऱ्यावरून हाक मारायची ती आम्हाला घरात ऐकू यायची. बाबा लवकर गेले. कापूस वेचायला बाया गोळा करणं, पाण्याची पाळी आली की शेजारच्याशी भांडणं, एसटी न थांबवता नेली तर दुसऱ्या दिवशी त्याच कंडक्टरला सगळ्यांसमोर धरणं, हे सगळं तिने केलं आणि आम्हा दोघांना शिकवलं. हसायचीही मोठ्याने.

दादाला वर्ध्याला नोकरी लागली. वहिनीही नोकरीची. पहिली मुलगी झाली तेव्हा महिना-दोन महिने राहून जा म्हणून आईला बोलावलं. ती गेली, आणि पुढे मुलगा झाला, शाळा सुरू झाल्या, शिकवण्या लागल्या, आणि आई राहूनच गेली. मालिश, आंघोळ, डबे, शाळेच्या फाटकापाशी उन्हात उभं राहणं, तापात कपाळावर पट्ट्या. हे तिने मनापासून केलं. नातवंडांवर तिचा जीव होता, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मी पुलगावहून सणासुदीला जायची. आई हळूहळू कमी बोलू लागलेली मला दिसत होती. विचारलं एक तर उत्तर देई भलतंच. नातू भाजी कोणती म्हणून विचारी, ती म्हणे सात वाजले. मुलं खदखदून हसत. त्यांचा तो खेळच झाला होता. मग आई नुसती मान हलवू लागली. पाहुणे म्हणत, वहिनी, नशीबवान हो तुम्ही, सासू किती शांत.

एका दिवाळीत मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत होत्या. आई त्याच ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून मेथी चिरत होती. डाळ करपल्याचा वास सुटला तेव्हा दादा आतून ओरडत आला, झोपली काय म्हणून. आईने मागे पाहिलंच नाही. मी दोनदा हाक मारली. मग तिच्या खांद्याला हात लावला तर ती दचकली.

मी दादाला विचारलं. तो म्हणाला, "हो, कमी ऐकू येते तिले. बरीच वर्षं झाली. वयानं होतेच."

त्याला माहीत होतं. त्याच्या गाडीच्या इंजिनातून जरा वेगळा आवाज आला तर दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात उभी असायची. आणि घरातल्या माणसाचे कान गेले, तर वयानं होतेच.

दिवाळी झाल्यावर मीच तिला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, फार उशीर केलात, पण मशीन लावल्यावर बरंच ऐकू येईल. मशीन बसवून आम्ही रस्त्यावर आलो. ऑटोवाल्यांचे हॉर्न, कोथिंबीरवाल्याची आरोळी. आईने माझा हात घट्ट धरला आणि हसत म्हणाली, "केवढा कल्ला हाये वं वर्ध्यात!"

घरी मात्र कोणाची सवय बदलली नाही. तिच्यासमोर काहीही बोलायची त्यांना इतकी सवय झाली होती की पदराआडचं मशीन ते विसरूनच गेले. पुढचं मला आईनेच सांगितलं. ती कणीक मळत होती आणि वहिनी तिच्यापासून दोन हातांवर उभी राहून दादाला म्हणत होती की पोरं आता मोठी झाली, मुलाला अभ्यासाला वेगळी खोली पाहिजे, बहिरीला गावी पाठवायचं बघा. दादा म्हणाला, "राहू दे ना. पोळ्या तं करते."

आईने त्या कणकेच्या पोळ्या केल्या. सगळ्यांना वाढल्या. सकाळी लुगडी पिशवीत भरली आणि बाहेरच्या खोलीत येऊन दोघांसमोर म्हणाली, मी हिंगणीले जातो.

दादा म्हणाला, "काऊन? काय कमी हाये तुले इथं?"

"कमी काई नाई, बापू. मले आता आयकू येते."

एवढं बोलून ती निघाली आणि सेलूमार्गे जाणाऱ्या एसटीत बसली. दादाने गाडीने सोडतो असंही म्हटलं नाही. त्यानंतर तिच्या हयातीत तो हिंगणीला यायचा, पण दारातून बोलून परत जायचा. लोक काय म्हणतील, एवढीच त्याची काळजी. आई त्याला चहा द्यायची, पण परत चल या विषयावर ती त्याला दुसरं वाक्य बोलू देत नसे.

हिंगणीत ती काही वर्षं राहिली. घर झाडून घेतलं, अंगणात वांगी-मिरच्या लावल्या. ओट्यावर बायका जमू लागल्या. रेशन दुकानात माप कमी दिलं म्हणून तिने भांडण काढल्याचं मला शेजारणीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी इकडे एकटीच हसत बसले.

नात कॉलेजला गेल्यावर आपण होऊन एसटीने तिच्याकडे यायला लागली. एकदा मीही तिथे होते. पोरीने खाली मान घालून म्हटलं, "आजी, मीपण हसायची तुला."

मला वाटलं, आई म्हणेल जाऊ दे. ती म्हणाली, "हो. तू बी हसे." मग तिला पुढ्यात बसवून केसांना तेल लावलं, पण ते वाक्य मागे घेतलं नाही.

कापूस फुटायच्या दिवसांत ती ताप येऊन गेली. मी जवळ होते, नात होती. दादा पोहोचेपर्यंत संपलं होतं.

तेरवीनंतर काही दिवसांनी त्याचा फोन आला. मी निघून गेल्याबद्दल तो काही बोलला नाही. भिंतीवर लावायला आईचा एखादा चांगला फोटो आहे का, विचारत होता. नातीने काढलेला एक माझ्याकडे होता. दारात भाजीवाल्याशी घासाघीस करताना, हात वर, तोंड उघडं, कपाळाला आठ्या. तोच पाठवला.

दादा म्हणाला, हा कसा लावायचा, यात ती ओरडून राह्यली.

"हो, ओरडूनच राह्यली," मी म्हटलं आणि फोन ठेवला.